तुझी एरंडेलाची पट्टी

आई,

एरंडेल तेलाची पट्टी पोटावर बांधल्यानं लिव्हर सुधारत नाही, हे तुला पक्कं माहीत होतं. मलाही माहीत होतं, कारण तूच मला सांगितलं होतंस. माहीत नव्हतं ते तुझ्या लेकाला, आणि तो सहा महिने रोज ड्युटीवरून आला की तासभर पोटावर तेलाचं फडकं बांधून पडून राहत होता. का, तर ‘आई हेच करायची’. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत तुझी आठवण आली, रडू आलं, तुझ्या हातची लसणाची चटणी जमत नाही म्हणून चिडचिडही झाली, पण तुझा असा राग कधी आला नव्हता. सत्तावन्न वर्षांची बाई मी, सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते आहे, आणि आज शाळेला दांडी मारून सकाळपासून मेलेल्या आईशी भांडत बसले आहे. बस आणि ऐक. जिवंत होतीस तेव्हा तुझ्याशी भांडायची सोय नव्हती. एरवी तू नीट शहरी मराठी बोलायचीस, पण कोणी वाद घातला की सटाण्याकडची माहेरची अहिराणी बाहेर यायची, ‘मले माहीत शे’, आणि विषय तिथंच संपायचा.

द्वारका चौकाच्या मागच्या आपल्या कॉलनीत तुला नावानं कोणी ओळखत नव्हतं. तू म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नर्स, म्हणून लहानथोरांची सिस्टर. रविवार उजाडला की आपल्या स्वयंपाकघरात पोह्यांच्या आधी एरंडेल तापायचं. तो वास आला की आजही मी तेरा वर्षांची होते. पाण्याच्या पातेल्यात पितळी वाटी ठेवलेली आहे, तिच्यात तेल कोमट होतंय, तू फलालीनच्या लाल कापडाची तिहेरी घडी त्यात बुडवून पिळते आहेस, आणि बाहेरच्या खोलीत सतरंजीवर कोणीतरी पोट उघडं टाकून पडलेलं आहे. उजव्या बरगडीखाली ती घडी, तिच्यावर जुन्या धोतराचा पट्टा, त्यावर गरम पाण्याची पिशवी. एक तास हलायचं नाही. पण पट्टी बांधण्याआधीचे तुझे नियम होते आणि ते मोडलेले तुला खपायचे नाहीत. सकाळची पहिली लघवी बाटलीत घेऊन यायची. माणसाला मागच्या दारात उजेडाकडे तोंड करून उभं करायचीस, डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचीस, बाटली उजेडात धरायचीस, भूक विचारायचीस, शौचाचा रंग विचारायचीस, घोट्याशी बोट दाबून खळगा पडतो का बघायचीस. मग पट्टी. आणि पट्टी सोडताना ठरलेलं वाक्य, ‘तेलानं आतलं सगळं रक्तात उतरवलंय. उद्या दवाखान्यात येऊन रक्त देऊन जा, नाहीतर तेल उलटतं.’ तेल उलटण्याच्या भीतीनं दुसऱ्या दिवशी माणूस बरोबर आठ वाजता तुझ्या दवाखान्याच्या रांगेत उभा असायचा.

हे तू का सुरू केलंस तेही मला ठाऊक आहे. तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. पेठच्या रस्त्याला एक जण कावीळ उतरवायचा. चुन्याच्या पाण्यात हात बुडवायला लावायचा, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली म्हणायचा, वर डोक्यावर मुळ्यांची माळ ठेवायची, ती लांबत लांबत गळ्यात आणि मग बेंबीपर्यंत आली की माणूस बरा. आपल्या समोरच्या शिंपीकाकांची सून सातव्या महिन्यात पिवळी पडली. तू दोनदा त्यांच्या दारात जाऊन सांगितलंस, दवाखान्यात न्या. शिंपीकाकू म्हणाल्या, ‘सिस्टर, तुम्ही नुसतं रक्त काढायला सांगता. तो काहीतरी करतो तरी.’ माळ खाली यायच्या आत ती पोरगी गेली, पोटातल्या जिवासकट. त्यानंतरच्या रविवारी तू बाजारातून एरंडेल आणलंस. रिकाम्या हातानं सांगितलेलं शहाणपण लोक ऐकत नाहीत, हे तू ओळखलंस. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात, आपल्या कॉलनीत तो तू मुद्दाम लावलास. तेलाच्या निमित्तानं तू कितीतरी जणांना रांगेत उभं केलंस आणि त्यातले काही नक्की वाचले, हे मी नाकारत नाही. पण आई, अशी गोष्ट माणसानं मरायच्या आधी आवरून जायची असते. तू भांडी, गोधड्या, तुझी घड्याळंसुद्धा नावानिशी वाटून गेलीस. हे मात्र तसंच घरात टाकून गेलीस.

तुझा लेक आठ वर्षांचा होता तेव्हा त्याला कावीळ झाली. शाळेबाहेरच्या बर्फाच्या गोळ्यांनी झाली, हे तूच म्हणालीस. तू पंधरा दिवस रजा घेतलीस. माझ्या कांजिण्यांना एक दिवस घेतली नव्हतीस, तेही आज सांगून टाकते. त्याचं रक्त तू दुसऱ्याच दिवशी तपासून आणलंस, पाणी उकळायला लागलीस, तेलकट बंद केलंस, आणि ही कावीळ विश्रांतीनं आपली आपण जाणारी आहे हे डॉक्टरांकडून समजून घेतलंस. अवखळ पोराला तासभर पलंगावर टिकवायचं होतं, म्हणून रोज दुपारी पट्टी. त्याला यातलं काय कळणार? त्याला एवढंच कळलं की आई शेजारी बसली आहे, तिचा हात पोटावरच्या पिशवीवर आहे, ती दवाखान्यातल्या गमती सांगते आहे, आणि आपण बरे झालो. मी दारातून बघायचे. मला आत बोलावणं यायचं ते पिशवीतलं पाणी बदलायला.

सोळाव्या वर्षी मला अक्कल फुटली. अकरावी सायन्सला होते, बेडूक कापून त्याचं लिव्हर बघून आले होते. त्या रविवारी बाहेर एक टांगेवाले बाबा पट्टी बांधून पडले होते, त्यांची बायको, सून, शेजारपाजार असा गोतावळा बसलेला. मी सगळ्यांदेखत विचारलं, ‘आई, कातडीतून तेल लिव्हरपर्यंत जातं कसं?’ तू वर बघितलं नाहीस. कापड पिळत म्हणालीस, ‘पेशंटसमोर तोंड उघडायचं नाही. आत जा.’ तू माझ्यावर कधी हात उचलला नाहीस, पण त्या आवाजानं माझे कान गरम झाले. बाबा गेल्यावर तू आत आलीस, दार लोटलंस, पाटावर बसलीस. ‘नाही जात,’ म्हणालीस. तू कशाबद्दल बोलते आहेस हेच मला आधी समजलं नाही. ‘तेल कुठं जात नाही. शेकानं बरं वाटतं, माणूस पडून राहतो, डोळा लागतो. बस्स. लिव्हरचं काय ते रक्तात कळतं.’ मी म्हटलं, मग तू लोकांशी खोटं बोलतेस. ‘बोलते. हे बाहेर गेलं तर उद्या कोणी बाटली घेऊन यायचं नाही, सगळे त्या माळेकडे जातील. तुझ्या भावाला पण सांगू नको, त्याच्या पोटात काही राहत नाही.’ मी मान हलवली. मग तू उठून पोह्यांना फोडणी दिलीस आणि मला शेंगदाणे जास्त घातलेस.

आता पुढचं ऐक. तुझा लेक सातपूरच्या एका कारखान्यात फिटर आहे. या वर्षी कंपनीच्या तपासणीत डॉक्टरांनी लिहून दिलं की लिव्हरचे आकडे वाढलेत, शुगर तर आहेच, सोनोग्राफी करा आणि पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. पठ्ठ्यानं तो कागद टीव्हीखालच्या खणात ठेवला. मला कोणी कळवलं नाही. मी त्याच्याकडे गेले ती साडेतीन महिन्यांनी, रविवारी सकाळी. हा पलंगावर आडवा, पोटावर जाडसर शिवलेला पट्टा, उशाशी तपकिरी काचेची बाटली, तिच्यावर लिव्हरचं चित्र. शेजारी त्याची मुलगी, तुझी नात, मोबाईल धरून बसलेली, आणि त्यात एक बाई मंजूळ आवाजात सांगते आहे की ही आपल्या आज्यांची विद्या, लिव्हरमध्ये विष साचतं आणि हे तेल ते खेचून बाहेर काढतं.

‘ओळख बरं हे काय,’ तो हसत म्हणाला. ‘आईची पट्टी. आता लय डिमांड आहे हिला. पॅक म्हणतात.’

‘बाटली कुठंय?’ मी विचारलं.

‘ही काय.’

‘तेलाची नाही. लघवीची. आणि रक्त कधी दिलंस?’

‘ताई, तू पण ना. आई दवाखान्यात होती म्हणून ते रक्त-बिक्त. मेन तेलच.’

मेन तेलच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या मोबाईलमधल्या बाईचा राग आला, असल्या बाटल्या घरपोच पाठवून देणाऱ्यांचा आला, शिकल्यासवरल्या नातीचा आला. ज्यांनी कधी कोणाची पापणी ओढून बघितली नाही, ते आता आज्यांच्या नावानं तेल विकतात. पण सगळ्यात जास्त तुझा आला. तुझ्या पट्टीतला उजेड, बाटली, पायावरचा खळगा, दुसऱ्या दिवशीचं रक्त, म्हणजे जे जे खरं होतं ते गळून गेलं होतं, आणि जे थाप म्हणून घातलेलं होतं तेवढंच तुझ्या पोटच्या पोराकडे उरलं होतं.

तुझी सून चहा घेऊन आली. ‘ताई, तुम्हीच सांगा यांना. चादरींना डाग, पोटावर पुरळ उठलंय, आणि कंपनीचा कागद दडवून ठेवलाय.’ तिनंच तो खणातून काढून दिला. मी वाचला आणि मग वर्गात उभी असल्यासारखी अर्धा तास बोलले. लिव्हर काय करतं, रक्त त्यात कसं येतं, कातडी म्हणजे काय, सोनोग्राफी का लागते. नुसतं एरंडाचं गुऱ्हाळ झालं, रस काही निघाला नाही. तो एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून छताकडे बघत होता. शेवटी म्हणाला, ‘मी आठ वर्षांचा असताना मरायला टेकलो होतो. तेव्हा काय केलं होतं आईनं? हेच ना? म्हणजे आई खोटी?’

आई, तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडाशी होतं. तो, तुझी सून, तुझी नात, तिघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, ‘आई कशाला खोटी असेल.’ पर्स उचलली आणि निघाले. रिक्षात बसून स्वतःलाच सांगत राहिले की बावन्न वर्षांचा घोडा आहे, त्याचं त्याला कळायला हवं. त्यानंतर मी फोनवर दर आठवड्याला ‘रक्त दिलंस का’ विचारायचे आणि तो ‘बघू’ म्हणायचा.

अडीच महिन्यांनी तुझ्या सुनेचा फोन आला, ‘ताई, यांचे बूट बसत नाहीयेत.’ मी पहिल्या तासाची रजा टाकून गेले. त्याला हाताला धरून दारात उजेडात आणलं आणि पापणी ओढली. कडेला पिवळं. घोट्याशी बोट दाबलं, काढलं, खळगा तसाच राहिला. तो मला म्हणत होता, ‘अगं, उभं राहून काम असतं ना.’ मला ओरडावंसं वाटत होतं आणि मी काय केलं माहीत आहे? ओढणी कमरेला खोचली आणि तुझ्या आवाजात बोलले. ‘तुझं सगळं चुकलंय. आईचे नियम मोडलेस, म्हणून तेल उलटलंय.’ तो घाबरला. कंपनीच्या डॉक्टरांना, मला, बायकोला जो घाबरला नव्हता, तो उलटलेल्या तेलाला घाबरला. बाटली मागितली तर मुकाट्यानं घेऊन आला. कोऱ्या चहाचा रंग. मी वाटीत तेल कोमट केलं, हो, केलं, माझ्या हातानं घडी करून त्याच्या पोटावर ठेवली आणि शेजारी बसले. ‘उद्या सकाळी रक्त आणि सोनोग्राफी. त्याशिवाय उलटलेलं तेल उतरायचं नाही.’ तो डोळे मिटून म्हणाला, ‘आई अस्संच म्हणायची.’ दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी पोचायच्या आधी तो लॅबच्या दारात हजर होता.

नऊ दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी आधी विचारलं, दारू किती? त्याला केवढा अपमान वाटला. आयुष्यात थेंब घेतला नाही त्यानं, व्यसन काय ते चहाचं आणि जिलेबीचं. डॉक्टर म्हणाले, चरबी आणि शुगरनंही हे होतं, लिव्हर आकसायला लागलंय. जे गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळता येईल, गोळ्या चुकवायच्या नाहीत, मीठ कमी, तपासण्या वेळच्या वेळी. मग फाईल चाळत त्यांनी कंपनीचा कागद बघितला आणि विचारलं, ‘सहा महिने काय करत होतात?’ तो माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीकडे.

पायाची सूज उतरली, घरी आला. मला वाटलं, झालं, तुझ्याच युक्तीनं निभावलं. परवा मी त्याच्याकडे गेले तर गोळ्यांची एक पट्टी भरलेलीच. म्हणाला, ‘आता बरं आहे ना, ताई. तू बांधलीस आणि दुसऱ्या दिवसापासून फरक. गोळ्या कमी करतोय थोड्या. तेल चालूच आहे.’ मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि ते वाक्य एकदाचं बोलले. तेलानं लिव्हरला काही होत नाही. आईला माहीत होतं. लोकांनी रक्त द्यावं म्हणून ती पट्टी बांधायची. मीही त्या दिवशी तेवढ्यासाठीच बांधली.

मला वाटलं होतं तो चिडेल, म्हणेल की आईबद्दल असं बोलू नकोस. तो एवढंच म्हणाला, ‘तुला कधी सांगितलं तिनं?’

‘अकरावीत असताना.’

‘मला का नाही?’

‘तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणाली.’

‘हं.’ त्यानं मान हलवली. ‘आणि तू? त्या रविवारी मी विचारलं होतं तुला. इथंच बसली होतीस.’

‘मी आईला शब्द दिला होता रे.’

‘आई गेली, ताई,’ तो म्हणाला. ‘मी होतो ना जिवंत.’

त्यानं पट्टीतून गोळी काढली, माझ्यासमोर पाण्याबरोबर गिळली आणि बायकोला हाक मारून सांगितलं, ताईला रिक्षा बघून दे. मला सोडायला तो खाली आला नाही. गेट उघडेपर्यंत येतो एरवी, तापात असला तरी. काल तुझ्या सुनेचा फोन आला, तो बाटली आणि पट्टा दोन्ही कचऱ्याच्या गाडीत टाकून आला, गोळ्या वेळेवर घेतो आहे, जेवतोही आहे. माझा फोन घेत नाही.

तेव्हा हे सगळं तुझ्यावर ढकलायचं म्हणून मी सकाळपासून लिहिते आहे, आणि चार पानं झाली तरी ते तुझ्याकडे सरकत नाही. तू एका सोळा वर्षांच्या पोरीला गप्प राहायला सांगितलं होतंस. सत्तावन्न वर्षांच्या बाईला सांगितलं नव्हतंस. हे पत्र त्याला नेऊन द्यावं असं दोनदा मनात आलं, पण ते होणार नाही माझ्याच्यानं, कारण यापुढचं त्यानं वाचावं असं मला वाटत नाही. शब्दाचं निमित्त होतं, आई. त्याला तुझे पंधरा दिवस मिळाले होते, तुझा हात मिळाला होता. तू दार लोटून, पाटावर बसून जे सांगितलंस, ते एवढंच तुझं असं होतं जे माझ्याकडे होतं आणि त्याच्याकडे नव्हतं. त्या रविवारी त्याचा कागद मी माझ्या डोळ्यांनी वाचला होता, तरीही मला ते त्याच्याबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं.